निळी रेष

२९ जुलै, संध्याकाळ

ताप आल्याला आज पंधरा दिवस झाले. दुपारी भिंतीचा आधार न घेता न्हाणीपर्यंत जाऊन आले. सूज उतरली, घोट्याचं हाड पुन्हा दिसायला लागलं. कातडी मात्र अजून तपकिरी आहे आणि तिचे पापुद्रे निघताहेत.

लावणीत दरवर्षी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. यंदा उजव्या करंगळीशेजारी झाल्या. पांढरी, भिजून फुगलेली कातडी आणि मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी चीर. रात्री खोबरेल लावायचं, सकाळी पुन्हा चिखलात उतरायचं, असंच चाललं होतं. त्या संध्याकाळी एकदम हुडहुडी भरली, दोन गोधड्या पुरेनात. जांघेत गाठ दुखत होती. वाटलं, काटाबिटा रुतून अवधाण आलं असेल. सकाळी पाहिलं तर पाऊल लालबुंद, ताणून चकाकणारं, हात ठेववेना इतकं गरम.

भाताच्या दिवसांतला ताप म्हणून डॉक्टरांनी आधी लेप्टोसाठी, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापासाठी, रक्त घेतलं. मग बोटं फाकवून ती चीर बघितली आणि म्हणाले, सेल्युलायटिस. चिखल्या बुरशीने होतात, पण कातडी फाटली की तिथून स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकससारखे जिवाणू आत खोल उतरतात. त्यांनी लालीच्या कडेकडेने निळ्या बॉलपेनाने रेष आखून दिली. लाली हिच्याबाहेर गेली तर सकाळची वाट बघू नका, एवढं बजावलं.

शेजारच्या काकू गेरूचा लेप घेऊन आल्या होत्या, अगदी मायेने. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, वाटी बाजूला ठेवली. "ती रेष झाकायची नाही," म्हणाल्या. रात्री त्यांनीच बॅटरी धरून पाहिलं. लाली रेषेच्या दोन बोटं वर चढली होती. पुढचे पाच दिवस तालुक्याच्या दवाखान्यात, शिरेतून अँटिबायोटिक घेत गेले.

घरी आल्यापासून पाय दोन उशांवर, छातीपेक्षा उंच. खाली सोडला की रक्त उतरून ठणका लागतो. मला पडून राहायची सवय नाही. खिडकीतून आमचा वरचा कोपरा दिसायचा, रोपं काढून ठेवलेली आणि लावायला मी नाही. तो जावांनी येऊन लावला. त्या दिवशी मी खूप रडले.

तेव्हा आईंनी त्यांच्या आत्याचं सांगितलं. तिला पावसाळ्यात सारखं धावरं, म्हणजे असंच पाय लाल होऊन सुजायचं दुखणं, यायचं. दोन दिवस निजायची, ताप उतरला की शेतात. पाय शेवटपर्यंत खांबासारखा राहिला. डॉक्टरही हेच म्हणाले होते: दर खेपेला लसीकावाहिन्या, म्हणजे अंगात साचणारं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, दुखावतात, सूज मुरते, आणि मुरलेली सूज पुढच्या दुखण्याला वाट देते. बरं वाटलं तरी गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, हेही म्हणाले होते. अजून दोन दिवसांच्या उरल्यात.

आता रोज संध्याकाळी आई मऊ लुगड्याचा तुकडा घेऊन बसतात. एकेक बेचकं कोरडं करतात आणि बुरशीचं मलम लावतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने माझ्या पायाशी बसावं, मला सोसवत नाही. आज पाय ओढून घेतला तर घोटा घट्ट धरला त्यांनी. "माझ्या बाळंतपणात माझ्या सासूने धरला होता," एवढंच म्हणाल्या.

पुसता पुसता एक पापुद्रा फडक्यावर आला. त्याच्या कडेला निळी रेष होती, पुसट. आईंनी तो उजेडात धरून बघितला आणि फडकं झटकायला अंगणात गेल्या.