बटणं मोजून ओळखायचे शिपाई

शनिवार, रात्री

आज लंडनच्या वेलिंग्टन बराकीतलं गार्ड्स म्युझियम पाहिलं. खरं तर जास्त वेळ गेला तो तिथल्या दुकानात, खेळण्यातल्या शिपायांच्या कपाटांपुढे. लाल डगला, अस्वलाच्या केसांची उंच टोपी. लांबून सगळे सारखेच. कोण कुठल्या गार्ड पलटणीचा, हे ओळखायचं बटणांवरून. ग्रेनेडियरची बटणं एकेक सुटी, कोल्डस्ट्रीमची दोन-दोनच्या गटात, स्कॉट्सची तीन-तीन, आयरिशची चार-चार, वेल्शची पाच-पाच. ५४ मिलिमीटरच्या मापातल्या शिपायाच्या छातीवर हे ब्रशच्या टोकानं उतरवायचं! आपल्या दिवाळीतल्या किल्ल्यावर महाराज बुरुजापेक्षा उंच असले तरी कुणाची तक्रार नसते. इथे एक बटण चुकलं तर गिऱ्हाईक शिपाई परत ठेवतं.

हल्ली दोन तऱ्हा दिसतात: मॅट रंगाचे, चेहऱ्यावर सावल्या काढलेले, आणि जुन्या वळणाचे चकचकीत, गुलाबी गालांचे. मला चकचकीतच आवडतात. ते खेळणं असल्याचं लपवत नाहीत. खोक्यावर मात्र छापलेलं, १४ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. किंमत पाहिली तर मोठ्यांसाठीही नाही.

मूळ गंमत तर स्वस्ताईचीच होती. आधी जर्मनीतून येणारे शिपाई भरीव, म्हणून महाग. १८९३ मध्ये विल्यम ब्रिटन कंपनीनं पोकळ शिपाई काढले. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, कडेचा थर थिजला की आतलं उरलेलं पुन्हा ओतून काढायचं. धातू कमी, किंमत कमी. शिशाचे हे शिपाई १९६६ पर्यंत निघत होते. आता तेच जुने, रंग उडालेले, लिलावात चढ्या भावानं जातात.

ब्रिटन कंपनीच्या जुन्या संचांत बॉम्बे लान्सर्सही होते, ब्रिटिश फौजेतले हिंदी भालाईत. फेटे बांधलेले, घोड्यावरचे. विलायती पोरांच्या लढाईत त्यांना कुठल्या बाजूला उभं करत असतील? चर्चिलनं स्वतःच्या लहानपणाबद्दल लिहून ठेवलंय. (तो काळ ब्रिटन कंपनीच्या पोकळ शिपायांच्या आधीचा.) त्याच्याकडे जवळजवळ १५०० शिपाई, सगळे ब्रिटिश. धाकटा भाऊ जॅक शत्रूपक्ष. आणि दोघांत शस्त्रमर्यादेचा करार: जॅकनं फक्त काळे-सावळे शिपाई ठेवायचे, तोफखाना अजिबात नाही. पोरखेळ म्हणून हसून सोडून द्यावं तर हाच मुलगा पुढे पंतप्रधान झाला, आणि हिंदुस्थानबद्दलची त्याची मतं काही फार बदलली नाहीत.

दुकानातून एक आयरिश गार्ड घेतला, चकचकीतच. बटणं मोजून घेतली, चार-चार बरोबर आहेत. बॉम्बे लान्सर्सचा संच कधी आवाक्यात आला तर तोही घेईन. आणि त्यांना तोफा देईन.