व्हायोलिन काढून घेतलं तरी आयरिश

डब्लिनहून मेटलबद्दल, म्हणजे हेवी मेटल संगीताबद्दल, काही लिहिलं की घरून हमखास प्रश्न येतो, "म्हणजे ते व्हायोलिन-बासरी घातलेलं मेटल ना?" विचारणाऱ्याचा दोष नाही. हिरवी टोपी, गिनेस आणि पबमधलं व्हायोलिन हे चित्र विमानतळावरच्या दुकानातच गळ्यात मारलं जातं. तरी राग येतो, कारण इथला सगळ्यात आयरिश मेटल बँड असल्या वाद्यांवर कधीच उभा नव्हता. त्याचं नाव प्रायमॉर्डिअल. डब्लिनच्या उत्तरेला समुद्रकाठी स्केरीज नावाचं गाव आहे, तिथे १९८७ मध्ये तो सुरू झाला. १९९१ मध्ये गायक अ‍ॅलन अ‍ॅव्हरिल आला आणि १९९५ मध्ये 'इम्रामा' हा पहिला अल्बम.

आधी व्हायोलिन-बासरीवाल्यांचं बघू, कारण त्यांच्यावर अन्याय करायचा नाही. त्याच १९९५ मध्ये डब्लिनच्याच क्रूअखनचा 'तुआथा ना गेल' आला. कीथ फे यांचा हा बँड ब्लॅक मेटलमध्ये (मेटलचा किंचाळत्या गळ्याचा प्रकार) टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी), बाउरॉन (काठीने वाजवायचा डफ), बुझुकी (लांब मानेचं तंतुवाद्य) सरळ आणून बसवतो. पाया आधीच घातलेला होता. हॉर्सलिप्सने १९७३ मध्ये 'डॅरग डूम'चा गिटार रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, 'ओनील्स मार्च' या जुन्या चालीवरून घेतला. फिल लिनटच्या थिन लिझीने १९७९ च्या 'ब्लॅक रोज'मध्ये पारंपरिक धुना दोन गिटारांवर वाजवल्या. लिनटचा पुतळा ग्राफ्टन स्ट्रीटजवळ हॅरी स्ट्रीटवर २००५ पासून उभा आहे. क्रूअखनने 'फोक-लोर'साठी २००२ मध्ये द पोग्स या लोकसंगीत-पंक बँडच्या शेन मॅगावनला सोबत घेतलं, म्हणजे लोकसंगीताकडे पूर्ण झुकले, आणि 'द मॉरिगन्स कॉल'पासून २००६ मध्ये पुन्हा जड व्हायला लागले. हे हेलकावे धरसोडीचे नाहीत. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मेटल गिटारच्या मुद्दाम फाडलेल्या आवाजात, लोकवाद्य बसवणं खरोखर अवघड आहे.

साधी डी पट्टीची टिन व्हिसल घ्या. तिचा सगळ्यात खालचा स्वर ५८७ हर्ट्झ, वरचा साधारण २,३५०. तिची धार आणि व्हायोलिनची चमक नेमकी तिथेच असते जिथे डिस्टॉर्टेड गिटार किंचाळते, म्हणजे २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. व्हिसल वाढवली तर कान फाटतात, कमी केली तर नाहीशी होते. उपाय म्हणजे गिटारमधून २.५ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कापायचे, दोन गिटारी डाव्या-उजव्या टोकांना ढकलायच्या आणि मधली जागा व्हिसलला द्यायची. बाउरॉनची गत त्याहून वाईट. तिचा घुमारा ड्रमसेटमधल्या किक (पायाने वाजवायचा मोठा ढोल) आणि टॉम (हाताने वाजवायचे खोल आवाजाचे ढोल) यांच्याच पट्ट्यात येतो, त्यामुळे डबल किक सुरू झाली की ऐकू येते फक्त काठीची टकटक. स्टेजवर व्हायोलिनपुढे माइक ठेवला तर त्यात ड्रम जास्त आणि व्हायोलिन कमी येतं. म्हणून ब्रिजखाली पिकअप लावतात, आणि मग आवाज पातळ येतो म्हणून पुन्हा इक्वलायझर.

पट्टीचा घोळ वेगळाच. मेटलवाले गिटार उतरवून सी किंवा बीला लावतात आणि डीची व्हिसल तिथे निरुपयोगी होते. व्हिसल दुसऱ्या पट्टीची मिळते, पण इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, हे महागडं आणि हट्टी वाद्य. कोपराखालच्या भात्याने हवा भरायची, वेताच्या पत्त्या दमट हवेत एक वागतात आणि स्टेजच्या दिव्यांखाली दुसरं. सी, बी किंवा बी फ्लॅटचे 'फ्लॅट सेट' असतात, ते उतरवलेल्या गिटारला बरे पडतात. कुठलाही सेट असो, गिटारवाल्यांनी पाइप्सला सूर लावायचा. उलट केलं तर साउंडचेक संपतच नाही.

प्रायमॉर्डिअल या सगळ्या भानगडीत फारसे पडलेच नाहीत. सुरुवातीच्या अल्बमांत अकूस्टिक तुकडे आहेत, 'इम्रामा'ची सुरुवात 'फुइल आर्सा' या आयरिश नावाच्या गाण्याने होते, पण कणा पहिल्यापासून गिटार आणि ड्रमचा. मग आयरिशपण कुठे आहे? ठेक्यात. आणि इथे थोडं रेंगाळावं लागेल.

त्यांची बरीच गाणी सहा-आठच्या मात्रेत चालतात. आयरिश जिग हीच मात्रा. आपल्याला ती परकी नाही, कोळीगीतावर ज्याचा पाय हलतो त्याला सहा मात्रा शिकवाव्या लागत नाहीत. फरक वजनात आहे. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर खाली येते, ठेका तिथे हलका होतो. जिगमध्ये पहिली आणि चौथी दोन्ही भरीव, आणि प्रत्येक तिनातला पहिला स्वर किंचित लांबतो, दुसरा आखडतो. म्हणून ती पुढे रेटल्यासारखी वाटते. पबच्या सेशनमध्ये जिग मिनिटाला ११० ते १२० ठोक्यांनी जाते. प्रायमॉर्डिअल तीच मात्रा पुष्कळ संथ करतात आणि ड्रमर ती झांजेऐवजी टॉमवर फिरवतो. वेग काढला की नाच जातो आणि उरतो वल्ह्यांचा किंवा मिरवणुकीचा ठेका. हे डोकं कुणाचंही असो, थोर आहे.

गिटारवाल्यांसाठी खास सांगायचं म्हणजे ही मात्रा हातात बसत नाही ती पिकिंगमुळे. चार-चारमध्ये खाली-वर, खाली-वर असा हात जातो आणि जोर नेहमी खालच्या फटक्यावर येतो. तिनात तसं केलं तर पहिला तीन खाली-वर-खाली, दुसरा वर-खाली-वर, म्हणजे दर दुसरा जोर वरच्या फटक्यावर. तो फुसका पडतो आणि सहा-आठ ऐकायला चार-चारसारखं सपाट येतं. लोकसंगीतवाले म्हणून प्रत्येक तिनाला खाली-वर-खाली असंच वाजवतात, लागोपाठ दोन खालचे फटके आले तरी चालतं. मेटलच्या वेगाला ते झेपत नाही. तिथे प्रत्येक स्वर दुप्पट करायचा. एका ठोक्यात सहा फटके झाले की जोर आपोआप खालच्यावर. १०० ठोक्यांच्या गतीला सेकंदाला दहा फटके होतात. मनगट आखडलं तर तिसऱ्या मिनिटाला हात संपतो, आणि यांची गाणी सात-आठ मिनिटांची असतात. सराव ६० ला सुरू करावा आणि पायाने ठोका फक्त पहिल्या-चौथ्यावर धरावा.

दुसरी गोष्ट ड्रोन. मोकळी तार घुमत ठेवायची आणि शेजारच्या तारेवर चाल वाजवायची. पाइप्सच्या मागे सतत चालणारा स्वर गिटारवर आणायचा तो असा. डिस्टॉर्शनला हे मानवतं त्यालाही कारण आहे. पेटीचा गंधार चढा लागतो ही तक्रार आपल्याकडे शंभर वर्षं चालू आहे. गिटारच्या पडद्यांचंही तेच, गंधार नैसर्गिक स्वरापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा, पंचम मात्र जेमतेम २ सेंट उतरलेला. डिस्टॉर्शन ही तफावत मोठी करून दाखवतं, गंधार खरखरतो, पंचम घट्ट बसतो. म्हणून मेटलचा पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम. गंधार गाळलेली ही मोकळी चौकट ड्रोनशी भांडत नाही, आणि चाल डोरियन-मिक्सोलिडियनमध्ये, आपल्या भाषेत काफी-खमाज थाटांत, हवी तशी फिरते. ट्यूनिंग ड्रॉप डी ठेवा (सगळ्यात जाड तार उतरवून डीला), जाड तीन तारा डी-ए-डी घुमवा आणि त्यांच्या शेजारच्या जीच्या तारेवर चाल काढून बघा.

बँडचा प्रवास या दोन गोष्टी अधिकाधिक उघड्या करत जाण्याचा आहे. 'इम्रामा'त किंचाळणारा ब्लॅक मेटल आवाज. १९९८ चा 'अ जर्नीज एंड' आणि २००० चा 'स्पिरिट द अर्थ अफ्लेम' येईपर्यंत अ‍ॅव्हरिल खुल्या आवाजात, सभेत बोलल्यासारखा गायला लागला. २००२ चा 'स्टॉर्म बिफोर काम' पुन्हा थोडा रागीट. मग २००५ मध्ये 'द गॅदरिंग विल्डरनेस', निर्माता बिली अँडरसन. आवाज चिखलासारखा जड, आणि त्यात जवळपास दहा मिनिटांचं 'द कॉफिन शिप्स'. पुढचे 'टू द नेमलेस डेड' (२००७), 'रिडेम्प्शन अ‍ॅट द प्युरिटन्स हँड' (२०११), 'व्हेअर ग्रेटर मेन हॅव फॉलन' (२०१४) हे त्याच वाटेवरचे, 'एक्झाइल अमंग्स्ट द रुइन्स' (२०१८) थोडा बाजूला सरकलेला, 'हाउ इट एन्ड्स' (२०२३) परत मार्गावर. उतरत्या क्रमाने लावायचे तर २००७ चा माझ्या मते सगळ्यात वर. बहुतेकांचं मत २००५ ला जातं, त्यांना मी अडवणार नाही.

'द कॉफिन शिप्स'चा, म्हणजे 'शवपेटी जहाजां'चा, विषय १८४५ ते १८५२ चा दुष्काळ. बटाट्यावर करपा पडला, सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. जहाजांना हे नाव का पडलं त्यामागे हिशोब आहे. कॅनडातून लाकूड घेऊन येणारी जहाजं परत रिकामी जायची, तर वजन म्हणून माणसं कोंबली. पाणी कमी, टायफस भरपूर. क्वेबेकजवळच्या ग्रोस-ईल बेटावर एकट्या १८४७ मध्ये पाच हजारांवर लोक पुरले गेले. लंडनच्या खजिन्यात बसून मदतीचा हात आखडता घेणारे चार्ल्स ट्रेव्हेलियन त्याआधी कंपनीच्या नोकरीत दिल्ली-कलकत्त्याला होते आणि नंतर मद्रासचे गव्हर्नर झाले. त्यांचं नाव इथे क्रीडांगणावर हजारो लोक एकसुरात गातात, शिव्याशापासारखं.

आपल्याकडे सर रिचर्ड टेंपल. १८७७ मध्ये दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं, आणि त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांचं नाव आपल्यापैकी कितीजणांच्या तोंडी आहे? तो दुष्काळ आपल्याला भेटतो तो वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाची पार्श्वभूमी म्हणून, दोन ओळींत. अर्थात आपल्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. आयर्लंडला एवढी एकच जखम पुरली, आपल्याकडे दुष्काळांची रांग आहे, कोणाकोणाची गाणी करणार? आणि भाषेच्या बाबतीत तर आपणच श्रीमंत. २०२२ च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे ७२ हजारांच्या आत भरले. मराठी २०११ मध्येच आठ कोटींच्या वर होती. प्रायमॉर्डिअल बहुतेक इंग्रजीतच गातात, याचं आपल्याला हसू यायला हरकत नाही. पण मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये दशावतारांवर अख्खा अल्बम केला, तोही इंग्रजीतच, आणि त्यांच्यावर ७२ हजारांची वेळ आलेली नाही.

गिटारवर ढोलकी आणि तुतारी ओतून फ्युजन म्हणणाऱ्यांना हे वाचून राग येणार, "तिकडे बसून शहाणपण शिकवू नका." बरं. पण मुंबईत बसून इंग्लंडच्या बँडांचे रिफ घोटलेलेही तिकडूनच शिकले, फक्त विमानाचं तिकीट न काढता. दादऱ्याची खाली ड्रमवर कशी दिसेल, हा प्रश्न पुण्यातसुद्धा सोडवता येतो. तो इथे जास्त टोचतो एवढंच, कारण इथल्यांनी आपला सोडवून दाखवलाय.

येणार असाल तर स्केरीजला कॉनली स्टेशनवरून रेल्वे जाते, अंतर सुमारे ३० किलोमीटर. बँडचं तिथे काही स्मारक नाही, दोन पवनचक्क्या, एक पाणचक्की आणि वारा आहे. दुष्काळाचे रोअन गिलेस्पी यांचे कांस्यपुतळे डब्लिनमध्येच कस्टम हाउस की वर, ओकॉनेल पुलावरून नदीकाठाने पूर्वेकडे चालत जायचं. कॉफिन शिपचं जॉन बेहन यांनी केलेलं राष्ट्रीय स्मारक मात्र मेयो परगण्यात मरिस्कला, क्रोह पॅट्रिक डोंगराच्या पायथ्याशी. डोंगर ७६४ मीटर, पायवाट निसरड्या दगडांची, चपला घालून जाऊ नये. क्रूअखनच्या चाहत्यांनी रॉसकॉमनमधलं टल्स्क गाव गाठावं. बँडचं नाव ज्या जुन्या राजधानीवरून आलं तिचे टेकाड आणि मॉरिगन या युद्धदेवतेची म्हणून सांगितली जाणारी गुहा तिथे आहे. गुहेत वाकून उतरावं लागतं, आत चिखल असतो, आणि गाइड घेतलेला बरा.

ऐकायची सुरुवात 'इम्रामा'पासून करू नका, कच्च्या आवाजाला घाबरून पळाल. आधी 'द कॉफिन शिप्स', मग २००७ च्या अल्बममधलं 'एम्पायर फॉल्स', मग २००० च्या अल्बमपर्यंत मागे जा. हेडफोनमध्ये बास वाढवू नका, टॉमचा ठेका त्यात बुडतो.