गावठी की पांढरं? टरफलाच्या रंगाला किती पैसे मोजायचे

तपकिरी अंडं फोडलंत की टरफल फेकण्याआधी उलटं करून बघा. आतली बाजू पांढरीच असते. भिंतीला शेवटचा हात मारावा तसा रंग नुसता बाहेरून चढलेला असतो.

कोंबडीच्या पोटात अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. बलक त्याआधीचे आठ-दहा दिवस भरत आलेला असतो. मग तीनेक तासांत त्याभोवती पांढरा भाग चढतो, तासाभरात पापुद्र्याचं अस्तर येतं आणि पुढचे वीसेक तास टरफल बनत राहतं. तपकिरी रंग देणारं प्रोटोपॉर्फिरिन उतरतं ते बहुतांशी यातल्या शेवटच्या काही तासांत. तोवर आतला माल बंद झालेला असतो, त्यामुळे त्या रंगाने ना प्रथिनं वाढतात ना चव.

रंग ठरतो तो कोंबडीच्या जातीवरून. लेगहॉर्न पांढरी अंडी देते, ऱ्होड आयलंड रेड तपकिरी. कानाची पाळी पांढरी असेल तर अंडं बहुधा पांढरं, लाल असेल तर तपकिरी, असा एक जुना ठोकताळा आहे. अपवाद भरपूर आहेत, पण बाजारात कोंबडी बघताना गंमत म्हणून करून बघायला हरकत नाही. कडकनाथचं मांस काळं, म्हणून अंडंही काळं असणार असं समजणारे लोक भेटतात. ते असतं फिकट तपकिरी, जरा गुलाबीसर.

खरा घोळ होतो तो 'तपकिरी म्हणजे गावरान' या समजुतीने. पिंजऱ्यातल्या, तपकिरी अंडी देणाऱ्या लेअर (खास अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्याही असतात आणि त्यांना पांढऱ्या लेअरसारखंच मका-सोयापेंडीचं खाद्य मिळतं. तपकिरी लेअर अंगाने थोराड, जास्त खाते, म्हणून तिचं अंडं महाग पडतं. तुम्ही मोजता ते जादा पैसे तिच्या खाद्याचे असतात, आणि दुकानदार सांगतो 'पौष्टिक आहे'. मोकळ्यावर फिरणाऱ्या देशी कोंबडीचं अंडं महाग असण्याचं कारण वेगळं आहे. ती थोडी अंडी घालते, मग खुडूक बसते, आणि तेवढे दिवस अंडं बंद.

प्रथिनांचा हिशोब वजनावर करा. अंड्याच्या आतल्या ऐवजात साधारण साडेबारा टक्के प्रथिनं असतात, टरफल कुठल्याही रंगाचं असो. ५५ ग्रॅमच्या पांढऱ्या अंड्यातून टरफल वजा केलं तर सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, ४० ग्रॅमच्या गावठीतून साडेचारच्या आत. जिमला जाणारी मुलं दुप्पट दराने दोन गावठी अंडी खातात आणि प्रथिनं तीन ग्रॅमने कमी घेतात. मला तरी हा व्यवहार पटत नाही.

कोंबडी काय खाते आणि उन्हात फिरते का, यावर मात्र काही गोष्टी नक्की बदलतात: ड जीवनसत्त्व, ओमेगा-३ (खाद्यात जवस असेल तर), आणि बलकाचा रंग. त्यातही बलकाच्या रंगाने फसू नका. पिवळा मका, हिरवा पाला किंवा झेंडूच्या पाकळ्यांची भुकटी खाद्यात घातली की पिंजऱ्यातल्या कोंबडीचा बलकही केशरी होतो. उलट तांदळाच्या कण्या आणि ज्वारीवर वाढलेल्या अस्सल गावठी कोंबडीचा बलक फिकट निघतो.

मग गावठी अंडं चवीला वेगळं लागतं म्हणतात, ते सगळं मनाचे खेळ का? अगदी तसंही नाही. लहान देशी अंड्यात पांढऱ्याच्या मानाने बलकाचा वाटा जास्त असतो, आणि अंड्याची चव मुख्यतः बलकातच असते. दुसरं म्हणजे ताजेपणा. आणि एक ठिकाण असं आहे जिथे तपकिरी अंडं खरोखरच वेगळं लागू शकतं: काही तपकिरी अंडी देणाऱ्या जातींमध्ये एक आनुवंशिक दोष असतो. अशा कोंबडीला मोहरीची पेंड किंवा जास्त मासळी खायला घातली, तर त्यातून तयार होणारं ट्रायमिथाइलअमाइन नावाचं उग्र वासाचं रसायन तिच्या शरीरात मोडत नाही, ते बलकात उतरतं आणि अंड्याला मासळीचा वास येतो. भुर्जीत कांदा-मिरचीने तो झाकतो, उकडलेल्या अंड्यात लगेच कळतो.

आता रंगवलेल्या अंड्यांबद्दल. पांढरं अंडं चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवून 'गावठी' म्हणून विकण्याचे प्रकार होतात. व्हिनेगरने पुसून बघा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे, कारण व्हिनेगर टरफलाचा वरचा थरच विरघळवतं आणि अस्सल तपकिरी रंगही उतरतो. त्यापेक्षा साध्या पाण्याने भिजवलेलं पांढरं फडकं अंड्यावर जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर संशय घ्या. मग अंडं फोडून आत बघा. रंग छिद्रांतून झिरपला असेल तर आतल्या पापुद्र्यावर ठिपके किंवा डाग दिसतात. आणि सगळी तीस अंडी एका छटेची, एका मापाची असतील तर ती गावठी नाहीत. वेगवेगळ्या घरची देशी अंडी गोळा केली की मोतिया, बदामी, तपकिरी अशी सरमिसळ असते आणि माप ३५ ते ४५ ग्रॅममध्ये इकडेतिकडे होतं.

अस्सल गावठी अंड्याचा एक धोका आहे, तो कुणी सांगत नाही. कोंबडी रोज घालत नाही, म्हणून विकण्याजोगी अंडी जमायला दिवस लागतात, आणि कळपात कोंबडा असल्याने अंडं फलित असू शकतं. एप्रिल-मे महिन्यात खोलीत ३५ अंश झाले की आत गर्भ वाढायला लागतो. म्हणून उन्हाळ्यात प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा, मगच तव्यावर घाला. लालसर शिरा दिसल्या तर टाकून द्या. नुसता एखादा लाल ठिपका असेल तर तो चमच्याने काढून अंडं वापरता येतं. अंडी दिव्यासमोर धरून तपासतात, पण तपकिरी टरफलातून उजेड नीट आरपार दिसत नाही, त्यामुळे असे ठिपके तपासणीत निसटतात आणि तपकिरी अंड्यात जास्त वेळा सापडतात.

चवीचा निकाल लावायचा असेल तर घरीच लावा, पण उकडताना एक चूक टाळा. ५५ आणि ४० ग्रॅमची अंडी एकाच वेळी काढली तर लहान अंडं जास्त शिजतं, बलक कोरडा भुसभुशीत होतो, कडेला हिरवट कडी येते आणि दोष गावठीला लागतो. उकळत्या पाण्यात मोठं अंडं नऊ मिनिटं ठेवा, लहान साडेसात, मग दोन्ही थंड पाण्यात टाका. दोन्हीकडची अंडी शक्यतो एकाच दिवशी घातलेली घ्या. पाण्याच्या भांड्यात ताजं अंडं आडवं पडतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर ते टाकायचंच. सोलून टरफलं दूर ठेवा. बलक वेगळे काढून कुस्करा, मीठ घालू नका. खाणाऱ्याने डोळे मिटायचे आणि तीन चमचे चाखायचे, दोन एका अंड्याचे, एक दुसऱ्याचा. वेगळा चमचा कोणता ते त्याने सांगायचं. नुसत्या नशिबानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येतं, तेव्हा एकाच फेरीवर पैज लावू नका, निदान सहा-सात फेऱ्या करा.