बाबांची सही कुठंय?

परवा लाइट गेली म्हणून जिन्यात बसले होते, तेव्हा सहज मोजलं. आमच्या मजल्यावर आठ घरं, त्यातल्या तीन घरांत एकटी आई किंवा एकटा बाप पोरं सांभाळतोय. एकीचा नवरा कोविडमधे गेला, एकीचा घटस्फोट झालाय, आणि समोरचे दादा, बायको गेल्यापासून रोज सकाळी मुलीच्या दोन वेण्या स्वतः घालतात, आता तर रिबीन माझ्यापेक्षा भारी बांधतात. अरे हो, चार घरं की! स्वतःला मोजायचंच राहिलं.

तरी लोकांना वाटतं अशी घरं म्हंजे एखाददुसरं. यूएन विमेनच्या २०१९ च्या रिपोर्टमधे होतं की भारतातली साडेचार टक्के घरं एकट्या आया चालवतात, म्हंजे साधारण १ कोटी ३० लाख, आणि माहेरी किंवा सासरीच राहणाऱ्या त्या वेगळ्याच.

जूनमधे लेकाच्या शाळेचा फॉर्म भरला तर क्लार्कबाई म्हणाल्या, बाबांची सही कुठंय? म्हटलं, नाहीयेत. तर म्हणे मग उद्या पाठवा! मागे अख्खी लाइन कान टवकारून. पासपोर्टला डिसेंबर २०१६ पासून आईवडलांपैकी एकाचंच नाव चालतं, आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या नावापुढे आधी आईचं नाव लागतं, पण हा फॉर्म बहुतेक आजोबांच्या काळातला.

शेवटी त्या रकान्यातपण माझीच सही ठोकली. बाईंनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि मारला शिक्का.