उचल

डिसेंबरातला शुक्रवार होता आणि सोमवारपासून पेपर. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठ उपकेंद्राच्या विद्यार्थी साहाय्य कक्षात मी काम करते. परीक्षेच्या तोंडावर आमच्या खिडकीशी रांग हटत नाही. दुपारी तीनच्या सुमारास एक मुलगी आली. जवळच्याच एका कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात बोनाफाईड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. कागदांत नाव ठेवायला जागा नव्हती.

कॉलेजने हॉल तिकीट अडवलं होतं. गेल्या वर्षीच्या जीओआय, म्हणजे भारत सरकारच्या, स्कॉलरशिपचे पैसे तिच्या खात्यात जमा झाल्याचं पोर्टलवर दिसत होतं आणि कॉलेजची फी मात्र भरलेली नव्हती. अनुसूचित जातीच्या मुलांच्या या शिष्यवृत्तीत केंद्राचा साठ टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्याने सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. फी न भरता पैसे घरी खर्चून टाकणारे काही निघतात, हे खरं आहे. म्हणून तिथल्या बाबूंनी तिला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पैसे उचलले ना? मग भरायला काय होतं?"

हे सांगताना ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "उचल आबांनी घेतलीय मॅडम, मुकादमाकडून. मी काहीच उचललं नाही."

आबा म्हणजे तिचे वडील. ते आणि आई मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, मजुरीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ऊसतोडीला गेले होते, कोल्हापूरकडे. मी पासबुक पानन् पान पाहिलं. वर्षभरात मोठी रक्कम कुठेच नव्हती. बँकेने तिला दोनदा सांगितलं होतं की खात्याला आधार लिंक आहे. तेही खोटं नव्हतं. पण लिंक असणं वेगळं आणि सरकारी पैशासाठी सीडिंग असणं वेगळं. सीडिंग म्हणजे सरकारी पैसे कुठल्या बँकेत पाठवायचे याची नोंद. एका आधारला एका वेळी अशी एकच बँक जोडलेली असते, आणि सगळ्यात शेवटी जी जोडली तीच. पैसा पासबुक बघून येत नाही, तो त्या शेवटच्या जोडणीकडे जातो. मुलांना हे कोणी नीट समजावून सांगत नाही, याचा मला फार राग येतो.

आधारच्या साइटवर सीडिंग तपासायला ओटीपी लागतो. तो जायचा आबांच्या फोनवर, कारण आधार काढताना घरात तेवढाच एक नंबर होता. तिच्या मोबाइलमध्ये बॅलन्स नव्हता, म्हणून माझ्या फोनवरून लावला. आबा उसाच्या फडात होते. त्यांना वाचता येत नाही. ते कोयता खाली ठेवून कोपीकडे, म्हणजे राहत्या खोपटाकडे, निघाले, तिथे शेजारचा एक बारा वर्षांचा मुलगा होता. पहिला ओटीपी ते पोहोचेपर्यंत बाद झाला. दुसरा मागवला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आबा म्हणाले, "अगं, हे पोरगं म्हणतंय, कुणालाबी सांगू नका असं लिवलंय त्यात."

"मीच हाय आबा. सांगा."

मुलाने एकेक आकडा मोठ्याने म्हटला, आबांनी तो फोनवर पुन्हा म्हटला, तिने मला सांगितला, मी टाकला. सहा आकडे. रांगेतली मुलं तोवर गप्प झाली होती.

स्क्रीनवर बँकेचं नाव आलं. तिच्या पासबुकातली बँक नव्हतीच ती, एक पेमेंट्स बँक होती. जोडणीची तारीख दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीतली. ती बघत राहिली, मग तिला आठवलं. त्या सुट्टीत ती आई-वडिलांसोबत टोळीवर होती. कारखान्याच्या गेटजवळ छत्रीखाली बसलेल्या एकाकडून सिम घेतलं होतं. त्याने अंगठा दोनदा घेतला. पहिला नीट आला नाही, म्हणाला. त्या दुसऱ्या अंगठ्यानेच हे खातं उघडलं असणार. 2017 मध्ये लाखो लोकांचं गॅसचं अनुदान असंच, त्यांना पत्ता नसलेल्या खात्यांत गेलं होतं. मला ते आठवलं, तरी समोर बसलेल्या पोरीच्या बाबतीत ते बघताना पोटात खड्डा पडला.

ते सिम केव्हाच हरवलेलं. पैसे काढायला निदान आठवडा जाणार होता आणि पेपर सोमवारी. मी त्या पानाची प्रिंट काढली, पासबुकाच्या झेरॉक्सला जोडली आणि प्राचार्यांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हमीपत्र मागितलं. सव्वापाचला ती कॉलेजात पोहोचली. हॉल तिकीट मिळालं. ज्या बाबूंनी तिला चारचौघांत विचारलं होतं, ते तिला काही बोलले का, हे मी विचारलं. "नाही," म्हणाली. त्यांनी चारचौघांत बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

पुढे तिने स्वतःच्या बँकेत सीडिंगचा अर्ज दिला, जुना नंबर परत सुरू करून घेतला, पैसे निघाले, फी भरली. त्याला तीन आठवडे लागले.

त्या शुक्रवारी रात्री आठ वाजता माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"म्याडम, दुपारचे ते आकडे बरोबर होते का?"