कांद्यावर समितीत कोण काय बोलले, ते शोधायचे कसे

"हा विषय मी दिल्लीत समितीत लावून धरला." निफाड, चांदवड, सिन्नरकडच्या सभांमध्ये हे वाक्य हमखास येते. ते खरे असू शकते. पण ते तपासायचे कसे, हे फार थोड्या लोकांना माहीत असते. जे तपासायला जातात, त्यातले बरेचसे चुकीच्या समितीचा चुकीच्या वर्षाचा अहवाल उघडतात, त्यात नाव दिसले नाही की "काहीच बोलले नाहीत" असे लिहून मोकळे होतात. हा त्या लोकप्रतिनिधीवर अन्याय आहे आणि वाचकावरही.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. संसदीय समितीत कोणता खासदार कोणत्या शब्दांत काय बोलला, हे शब्दशः जवळजवळ कधीच मिळत नाही. लोकसभेच्या कामकाज नियमांपैकी नियम २६६ प्रमाणे समितीच्या बैठका खासगीत होतात. नियम २७५ प्रमाणे साक्षीचा कोणता भाग सभागृहाच्या पटलावर ठेवायचा हे समिती ठरवते. जो भाग ठेवला नाही, तो लोकसभा अध्यक्षांच्या परवानगीशिवाय कोणालाही पाहता येत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून हे सुटेल असे वाटते, पण त्या कायद्याच्या कलम ८(१) मध्ये संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग होईल अशा माहितीला अपवाद आहे आणि उत्तर तिथेच अडते. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सच्या निवड समित्या तोंडी साक्षीचा शब्दशः वृत्तांत प्रश्नाच्या क्रमांकासह आणि सदस्याच्या नावासह छापतात. आपल्याकडे ती सोय नाही, आणि ती असायला हवी असे माझे ठाम मत आहे.

मग हाती काय उरते? बरेच काही उरते, फक्त ते तुकड्यातुकड्यांत असते.

पहिला प्रश्न समिती कोणती हा. विभागांशी संलग्न, म्हणजे ठरावीक मंत्रालयांचे काम पाहणाऱ्या, स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या तेव्हा १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. यातल्या १६ समित्यांचे काम लोकसभा सचिवालय पाहते, ८ समित्यांचे राज्यसभा सचिवालय. कांदा मात्र एका समितीत मावत नाही. पीक म्हणून तो कृषी, पशुसंवर्धन व अन्नप्रक्रिया समितीकडे. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत होणारी बफर खरेदी, म्हणजे भाव सांभाळण्यासाठीचा साठा, आणि त्यामागचा किंमत स्थिरीकरण निधी ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण समितीकडे. निर्यातबंदीचा आदेश विदेश व्यापार महासंचालनालयाचा, म्हणजे वाणिज्य समिती, आणि ती राज्यसभेच्या बाजूची. निर्यात शुल्क महसूल विभागाचे, म्हणजे अर्थ समिती. लासलगावच्या एकाच ट्रॉलीतल्या मालासाठी चार दारे ठोठवावी लागतात. कृषी समितीचे अहवाल चाळून "निर्यातबंदीवर समिती गप्प" असा निष्कर्ष काढणे म्हणजे तलाठ्याकडे जाऊन पोलीस पाटलाचा दाखला मागणे.

दुसरा प्रश्न वर्षाचा. समितीची मुदत एक वर्ष असते आणि नवी समिती साधारण सप्टेंबरमध्ये बसते. २०२३ च्या १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले. मग १३ सप्टेंबर २०२४ ला शुल्क २० टक्क्यांवर आले. पण जूनमध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली होती आणि अठराव्या लोकसभेच्या स्थायी समित्या २६ सप्टेंबर २०२४ ला नेमल्या गेल्या. मधल्या साडेतीन-पावणेचार महिन्यांत या समित्याच नव्हत्या. त्या काळात कुणी "समितीत बोललो" म्हणत असेल, तर ती कोणती समिती हे आधी विचारा. आणि त्या काळातले काही सापडले नाही, म्हणून कुणाला दोषही देऊ नका.

तिसरी बाब मतदारसंघाची. नाशिक जिल्हा लोकसभेच्या तीन मतदारसंघांत विभागलेला आहे: नाशिक, दिंडोरी, आणि मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण हे भाग धुळ्यात. बागलाणच्या कांद्याचे शोधायचे तर धुळ्याच्या खासदारांचे नाव घ्यावे लागते. मंत्री कोणत्याही स्थायी समितीवर नसतात, हेही लक्षात ठेवा. दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार भारती पवार ७ जुलै २०२१ ला केंद्रात राज्यमंत्री झाल्या, त्या तारखेनंतर त्यांचे नाव समितीच्या हजेरीत शोधणे व्यर्थ.

आता अहवाल उघडू. संसद डॉट इन या संकेतस्थळावर लोकसभा किंवा राज्यसभा निवडा, मग समित्या, मग ती समिती, मग अहवाल. जुने अहवाल संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात. लोकसभेच्या समित्यांचे अहवाल क्रमांक प्रत्येक लोकसभेत पुन्हा एकपासून सुरू होतात, राज्यसभेच्या समित्यांचे क्रमांक मात्र पुढे चालू राहतात. त्यामुळे नुसते "पाचवा अहवाल" लिहून ठेवले तर सहा महिन्यांनी तुम्हालाच तो सापडणार नाही. समिती, लोकसभा, क्रमांक, पटलावर ठेवल्याची तारीख, ही चारही वहीत उतरवा.

प्रत्येक अहवालाच्या सुरुवातीला समितीच्या रचनेचे पान असते. तिथल्या तळटिपा सोडू नका. कोण मध्येच आले, कोणाच्या जागी, कोणत्या तारखेपासून, हे त्यात असते. मग विषयाची मांडणी, मंत्रालयाची लेखी उत्तरे, साक्षीतले उतारे, आणि ठळक अक्षरांत निरीक्षणे व शिफारशी. साक्षीतला उतारा म्हणजे बहुतेक वेळा मंत्रालयाच्या प्रतिनिधीचे, म्हणजे अधिकाऱ्याचे वाक्य. खासदाराचा प्रश्न "समितीने विचारले असता" एवढ्यात आटोपलेला असतो. सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो: सचिवांचे वाक्य खासदाराच्या तोंडी घातले जाते, किंवा ३१ जणांची शिफारस समितीच्या एकट्या सभापतींच्या नावावर छापली जाते.

व्यक्तीचा माग लागतो तो शेवटच्या पानांवर, इतिवृत्तात. तिथे बैठकीची तारीख, वेळ, हजर सदस्यांची यादी आणि साक्षीला आलेल्या अधिकाऱ्यांची नावे असतात. साक्ष घेऊन केलेल्या अहवालाला साधारणपणे किमान दोन इतिवृत्ते जोडलेली असतात, एक साक्ष झाली त्या दिवसाचे आणि दुसरे अहवाल मंजूर झाला त्या दिवसाचे. दोन्ही वेगळी वाचा. मंजुरीच्या बैठकीला हजर असलेला सदस्य साक्षीच्या दिवशी नसू शकतो, आणि प्रश्न साक्षीच्या दिवशी विचारले जातात. हजेरी म्हणजे बोलणे नव्हे. पण त्या दिवशी गैरहजर असलेला माणूस त्या बैठकीत बोलला नाही, एवढे तरी पक्के सांगता येते.

खासदाराचे स्वतःचे शब्द हवे असतील तर असहमतीची टीप पाहा. ती असेल तर अहवालाला जोडलेली असते आणि तिच्याखाली नाव असते. वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकावरच्या संयुक्त समितीचा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये सादर झाला, त्याला जयराम रमेश, मनीष तिवारी यांच्यासह अनेक सदस्यांच्या टिपा आहेत. लोकलेखा समितीत मात्र अशी टीप जोडायची पद्धत नाही, तिथे शोधत बसू नका.

शोधाच्या खिडकीत काय टाकायचे, यावर मी मुद्दाम जास्त लिहितो, कारण माणसे इथेच हरतात. "कांदा" टाकून संसदेच्या संकेतस्थळावर काही मिळणार नाही. इंग्रजी अहवालात "ऑनियन" आणि हिंदीत "प्याज", हे शब्द त्या त्या लिपीत टाका. नाशिकचे इंग्रजी स्पेलिंग दोन्ही प्रकारे शोधा, "एस-एच" घालून आणि नुसत्या "एस"ने. जुन्या नोंदींत दुसरेच जास्त सापडते, आणि ओझरच्या एचएएल या विमान कारखान्याच्या संदर्भात आजही तेच दिसते. देवळालीचे "ओ"ने आणि "व्ही"ने, ओझरचे "जे-एच"ने आणि "झेड"ने. खासदाराचे पूर्ण नाव कधीच टाकू नका. नाशिकचे खासदार कुठे राजाभाऊ वाजे, तर कुठे राजाभाऊ पराग प्रकाश वाजे असे येतात, आणि हजेरीच्या तक्त्यात नाव दोन ओळींत तुटले की पूर्ण नावाचा शोध रिकामा येतो. नुसते आडनाव टाका. दिंडोरीचे खासदार भास्कर भगरे यांच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग मधल्या "ए"सह आणि त्याशिवाय, दोन्ही पाहा.

शोध शून्य आला तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. काहीच चिकटले नाही तर पान स्कॅन केलेले आहे. भलतीच अक्षरे आली तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. दोन्हींवर उपाय एकच: पाने ३०० डीपीआयच्या प्रतिमा करून टेसरॅक्टसारख्या अक्षरओळख प्रणालीतून काढा, आणि भाषेत मराठी किंवा हिंदीसोबत इंग्रजीही निवडा, कारण तक्त्यांत दोन्ही मिसळलेले असते. एवढे करूनही अनुस्वार गळतात आणि "कांदा"चा "कादा" होतो. म्हणून ज्यात अनुस्वार किंवा जोडाक्षर नाही असा तुकडा शोधा, "लासल", "निफाड", "नाफेड".

मुंबईचे वेगळे. विधिमंडळाच्या समित्यांचे अहवाल मराठीत असतात आणि नाशिकच्या रोजच्या प्रश्नांना ते जास्त जवळचे. जिल्हा परिषदेत "पीआरसी येतेय" म्हटले की सगळे विभाग कपाटे उघडून बसतात, ती पंचायत राज समिती. ती लेखापरीक्षणातले आक्षेप आणि वार्षिक प्रशासन अहवाल तपासते. अहवालात विभागीय सचिवांची साक्ष वेगळी आणि अभिप्राय व शिफारशी वेगळ्या असतात. आमदाराचे नाव इथेही वाक्याला चिकटलेले नसते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आश्रमशाळांसाठी अनुसूचित जमाती कल्याण समितीचे अहवाल पाहा.

अहवालानंतर सरकारने काय केले, ते कृती अहवालात. मंत्रालयाने साधारण तीन महिन्यांत उत्तर द्यायचे असते. दुसऱ्या प्रकरणात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात समितीने सरकारचे उत्तर न स्वीकारलेल्या, पाचव्यात अंतिम उत्तर बाकी असलेल्या. घाई असेल तर आधी चौथे प्रकरण उघडा, समितीचा आग्रह कुठे टिकला ते तिथे दिसते. तोवर समितीचे वर्ष बदललेले असू शकते, म्हणून रचनेचे पान पुन्हा तपासा.

आणि दुसऱ्या बाजूनेही या. सभागृहातले तारांकित-अतारांकित प्रश्न, शून्य प्रहर, नियम ३७७ खालचे मुद्दे, ही सगळी नोंद नावानिशी असते. साक्षीच्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन महिने घ्या. हजेरीत नाव, त्याच सुमारास त्याच मंत्रालयाला त्याच विषयावर प्रश्न, आणि अहवालात त्याच मुद्द्याची शिफारस, अशा तीन खुणा जुळल्या तर "बैठकीला हजर होते, याच काळात सभागृहात हा प्रश्न विचारला, समितीने अशी शिफारस केली" असे तीन वेगळ्या वाक्यांत लिहा. "समितीत त्यांनी मागणी केली" असे लिहायचे असेल, तर त्याला असहमतीची टीप किंवा पटलावर ठेवलेली साक्ष लागते.