सीमावाद वाचताना आधी नकाशाचं प्रमाण बघा

धुऱ्याचं भांडण मोजणीला गेलं की भूकरमापक अभिलेखातला कागद, गटाचा नकाशा आणि शिवारातले हद्दीचे दगड जुळवून बघतो. इंग्रज-फ्रेंचांनी आखलेल्या सीमांनाही हाच क्रम लावावा: कराराचा मजकूर, नकाशा, मग जागेवरचा खांब. आपल्याकडं स्पर्धा परीक्षेची पोरं सन तेवढे पाठ करतात. खरी गोम कागद आणि नकाशा जुळत नाहीत तिथं असते.

1816 च्या सुगौली करारात काली नदीच्या पश्चिमेचा मुलूख नेपाळनं सोडला. नदीचा उगम कोणता, हे मात्र लिहिलं नाही. नेपाळ लिंपियाधुराकडं बोट दाखवतो, भारत कालापानीजवळच्या झऱ्यांकडं.

भारत-तिबेट सीमेच्या मॅकमहोन रेषेचा 1914 चा नकाशा एका इंचाला 8 मैल, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. त्यात रेघ जाड निबाची, आणि डोंगर पुरते मोजलेले नाहीत. तत्त्व जलविभाजकाचं, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटणाऱ्या डोंगरधारेचं होतं, पण थागला या डोंगरापाशी रेघ धारेच्या दक्षिणेला पडली. भारतानं धार धरली. चीनला रेषाच नामंजूर. वर तुमच्याच नकाशात थागला आमच्या बाजूला, हा युक्तिवाद. 1962 च्या जूनमध्ये धारेखाली नामका चूच्या काठी भारताची धोला चौकी बसली आणि 20 ऑक्टोबरला चीनचा मोठा हल्ला तिथंच झाला.

नकाशा मजकुरावर मात करतो का? करतो, गप्प बसलात तर. फ्रान्स आणि सयाम (आजचं थायलंड) यांच्या 1904 च्या करारात डांग्रेक डोंगरात जलविभाजक हीच सीमा ठरली. पुढं फ्रेंच अधिकाऱ्यांनी 1:200,000 चा नकाशा केला, त्यात प्रिअह विहिअर मंदिर कंबोडियात गेलं. सयामनं हरकत तर घेतली नाहीच, उलट प्रांताधिकाऱ्यांसाठी आणखी 15 प्रती मागवल्या! आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 15 जून 1962 रोजी 9 विरुद्ध 3 मतांनी मंदिर कंबोडियाला दिलं, ते मुख्यतः या मौनावर बोट ठेवून. मोजणीच्या नोटिशीवर मुदतीत हरकत न घेणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

मंदिराचं ठरलं, आजूबाजूच्या जमिनीचं राहिलं. कंबोडिया तोच फ्रेंच नकाशा पुढं करतो, थायलंड स्वतःचा 1:50,000 चा. जुलै 2025 मध्ये या सीमेवर पुन्हा तोफा चालल्या.